टीव्ही वायफायला जोडलेला, तरी ‘इंटरनेट नाही’. ५ गिगाहर्ट्झचं नाव तर यादीतच नाही

कृष्णाकाठ (प्रश्न)

४३ इंची गूगल टीव्ही आहे, खोक्यावर ‘ड्युअल बँड वायफाय’ छापलंय. इंटरनेट गावातल्या केबलवाल्याचं फायबर, १०० एमबीपीएसचा प्लॅन. त्यानेच दिलेला ओएनटी (मोडेम आणि राउटर एकाच डब्यात) बेडरूममध्ये दाराच्या वर, माळ्यालगत लावलाय. टीव्ही हॉलमध्ये. अंतर साधारण २५ फूट, मध्ये एक नऊ इंची भिंत, एक चार इंची पार्टिशन आणि एक लोखंडी कपाट.

ओएनटी दोन नावं देतो: ‘घर’ आणि ‘घर_५जी’. अडचणी तीन.

१. ‘घर_५जी’ टीव्हीच्या यादीत येतच नाही. त्याच जागी मोबाइलवर दिसतं आणि चालतं.

२. ‘घर’ला टीव्ही जोडला जातो, पासवर्ड स्वीकारतो, पण खाली ‘इंटरनेट नाही’ असं येतं. कुठलंच ॲप उघडत नाही. हे रोज होत नाही. लाइट जाऊन आली की हमखास होतं, कधी सकाळी पहिल्यांदा टीव्ही लावला तरी होतं.

३. चालतं तेव्हाही रात्री ९ ते ११ चित्र अडकतं. दुपारी व्यवस्थित.

दोन्ही डबे बंद-चालू करून झाले, नाव ‘विसरा’ करून परत जोडून झालं. एकदा फॅक्टरी रीसेट केला, दोन दिवस चाललं, मग पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो वायफायचा बोर्ड गेला असेल. बोर्ड बदलावा, टीव्हीला मागे लावायची स्ट्रीमिंग स्टिक घ्यावी की आणखी काही? भिंतीवरून केबल लोंबकळत न्यायला घरात विरोध आहे.

---

फायबरवाला

फॅक्टरी रीसेट आता पुन्हा करू नका. बोर्ड गेला असता तर ‘घर’ पण दिसलं नसतं. तुमच्या तीन अडचणींची कारणं बहुधा तीन वेगळी आहेत, म्हणून एका उपायाने सगळं सुटत नाहीये. मी फक्त दुसरीबद्दल लिहितो.

‘इंटरनेट नाही’ येईल तेव्हा काही न बदलता दोन गोष्टी बघा आणि कागदावर लिहा.

पहिली, आयपी पत्ता. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग जोडलेल्या ‘घर’वर ओके दाबा. तिथे आकडा दिसेल. १६९.२५४ ने सुरू होत असेल किंवा रिकामाच असेल, तर राउटरने टीव्हीला पत्ता दिलेलाच नाही. मग ओएनटीच्या डीएचसीपीत (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारी सोय), जोडणीच्या कमाल मर्यादेत किंवा मॅक फिल्टरमध्ये (मॅक म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, त्यावरून अडवणारी यादी) शोधा. १९२.१६८.१.काहीतरी असेल, तर टीव्ही ते राउटर हा टप्पा ठीक आहे. पासवर्ड, बँड, भिंती यांचा या तक्रारीशी संबंध नाही.

दुसरी, तारीख. सेटिंग्ज, सिस्टिम, डेट अँड टाइम. आजची तारीख आहे का? दिवस-महिन्याबरोबर साल पण वाचा. पुष्कळदा वेळ बरोबर वाटते आणि साल भलतंच असतं.

तारखेचा आणि इंटरनेटचा संबंध असा: प्रत्येक ॲप आपल्या सर्व्हरशी बोलताना आधी त्याचं प्रमाणपत्र तपासतं. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध’ हे त्यावर नोंदलेलं असतं आणि हल्ली ही मुदत साधारण वर्षभराची किंवा त्याहून कमी. टीव्हीच्या घड्याळात पाच वर्षांपूर्वीची तारीख असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं आणि तो जोडणी तोडतो. टीव्ही स्वतः इंटरनेट आहे का हे तपासतो तेही गूगलच्या सर्व्हरवरचं एक छोटं पान मागवून. तीही तपासणी सुरक्षित जोडणीतून होत असेल तर तिथेच फसते आणि पडद्यावर ‘इंटरनेट नाही’ उमटतं. लाइन चालू असते, टीव्हीला ती खोटी वाटते.

तारीख जाते कशी? बहुतेक टीव्हींत संगणकासारखी घड्याळाची बटण बॅटरी नसते. भिंतीवरच्या स्विचबोर्डावरून वीज तोडली की घड्याळ पुसलं जातं. परत चालू झाल्यावर तो १ जानेवारी १९७० किंवा सॉफ्टवेअर बनलं त्या सालापासून मोजायला लागतो आणि खरी वेळ इंटरनेटवरून मागतो. इथे गाडी अडते. लाइट आली की टीव्ही मिनिटभरात तयार, पण ओएनटीला फायबरवर नोंद होऊन पलीकडून पत्ता मिळेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. टीव्हीने वेळ मागितली तेव्हा उत्तर द्यायला कुणी नसतं. काही टीव्ही थोड्या वेळाने परत विचारतात, काही तासन्‌तास विचारत नाहीत.

पडताळून बघायचं तर ‘ऑटोमॅटिक’ बंद करा, आजची तारीख आणि वेळ हाताने भरा, टाइम झोन भारत ठेवा, मग ॲप उघडा. उघडलं तर दुखणं सापडलं. रीसेटनंतर दोन दिवस चाललं तेही बहुधा यामुळेच, कारण पहिल्या मांडणीत टीव्ही वेळ नव्याने घेतो.

---

चॅनेल_४४

आता पहिली अडचण. आधी एक गल्लत दूर करू. ‘घर_५जी’ मधला ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा वायफाय पट्टा. मोबाइलच्या ५जी सिमचा इथे काही संबंध नाही, ‘टीव्हीत ५जी नाही म्हणून दिसत नाही’ असं कुणी सांगितलं तर सोडून द्या.

टीव्हीला ५ गिगाहर्ट्झ खरंच येतं का हे मोबाइलने कळतं. मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झ करा आणि टीव्हीच्या यादीत नाव येतं का बघा. आलं, तर टीव्ही निर्दोष, ओएनटीच्या चॅनेलमध्ये गोम आहे. (आयफोन असेल तर ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ बंद ठेवा, नाहीतर तो २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे ‘घर’ ज्या पट्ट्यावर चालतं त्यावर जातो.)

५ गिगाहर्ट्झमध्ये ३६ ते ४८ हे चॅनेल सगळ्यांत सुटसुटीत. त्यानंतर ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे रडारसोबत वाटून घेतलेले. त्यांच्यावर सुरू होण्याआधी राउटर निदान मिनिटभर कानोसा घेतो आणि रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडून निघून जातो. अशा चॅनेलवर टीव्हीने स्वतःहून ‘कुणी आहे का’ अशी हाक मारायची नसते, राउटरची घोषणा ऐकू येईपर्यंत गप्प थांबायचं असतं. पुष्कळ टीव्हींच्या सॉफ्टवेअरमध्ये हे चॅनेल बंदच ठेवलेले असतात, किंवा यादी बनवताना टीव्ही तिथे पुरेसा वेळ थांबत नाही. मोबाइल थांबतो, म्हणून त्याला नाव दिसतं.

ओएनटी ‘ऑटो’वर असेल तर तो ५६ किंवा १०० वर जाऊन बसला असण्याची दाट शक्यता आहे. करायचं असं:

मोबाइल घरच्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. नाव-पासवर्ड डब्याच्या तळाच्या स्टिकरवर असतो. केबलवाल्याने बदलला असेल तर त्याच्याकडून घ्या किंवा खालचे आकडे सांगून त्यालाच करायला लावा. डब्ल्यूलॅन किंवा वायरलेसखाली ५जीचा विभाग उघडा. देश भारत, चॅनेल ४४ (३६, ४०, ४८ पैकी कुठलाही चालेल), रुंदी ८० मेगाहर्ट्झ. ३६ ते ४८ हे चार मिळून बरोबर एक ८० चा पट्टा होतो, म्हणून १६० निवडू नका, तो रडारच्या भागात शिरतो. सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि एईएस. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं तर जुने टीव्ही अडतात. टीकेआयपी हा जुना प्रकार चुकूनही नको, त्यावर वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. नाव लपवलेलं नसावं.

१४९ ते १६१ हा दुसरा रिकामा पट्टा. भारतात चालतो, पण परदेशातून आणलेल्या काही टीव्हींना तो दिसत नाही. अडचण मिटवायचीच आहे तर ३६ ते ४८ मध्येच राहा.

रात्री ९ ते ११ चं अडकणं म्हणजे शेजारी. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६, ११. चारी बाजूंची घरं, त्यांचे मोबाइल, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळं याच पट्ट्यात. रात्री सगळे घरी आले की गर्दी होते. तिथे रुंदी ४० ठेवली असेल तर २० करा. कागदावर वेग निम्मा होतो, पडद्यावर चित्र स्थिर होतं. टीव्हीच्या यूएसबीला ३.० ची हार्डडिस्क लावलेली असेल तर ती काढून बघा, तिच्या केबलचा गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात येतो.

---

फायबरवाला

वरच्यात एक भर. चॅनेल बदलून नाव दिसायला लागलं तरी ५ गिगाहर्ट्झ नऊ इंची भिंतीला २.४ पेक्षा जास्त घाबरतं. मोबाइलवर वायफाय ॲनालायझरसारखं ॲप घ्या आणि टीव्हीच्या मागे, भिंतीला टेकवून सिग्नलचा आकडा वाचा. सोफ्यावर बसून घेतलेला आकडा उपयोगाचा नाही. टीव्हीचा अँटेना आत, मागच्या बाजूला असतो आणि त्याला लागूनच पत्र्याचं माउंट असतं.

आकडा उणे असतो: −५० उत्तम, −६७ पर्यंत व्हिडिओ बिनघोर चालतो, −७५ ला नाव दिसेल पण चित्र अडखळेल.

कमी आला तर पैसे खर्च करण्याआधी ओएनटी सरकवा. लोखंडी कपाट तुमच्या रेषेत येतंय, ते भिंतीपेक्षा वाईट. डबा दोन-तीन फूट बाजूला घेतला तरी पुष्कळ फरक पडतो. फक्त ती पातळ पिवळी किंवा पांढरी फायबरची दोरी काटकोनात दुमडू नका. वळण निदान आगपेटीच्या लांबीइतकं गोल ठेवा, नाहीतर ओएनटीवर लाल दिवा लागेल आणि केबलवाल्याची वाट बघत बसावं लागेल.

---

नेटसम्राज्ञी

इतका खटाटोप कशाला? टीव्हीत आयपी सेटिंग ‘स्टॅटिक’ करा आणि डीएनएस ८.८.८.८ टाका. ‘इंटरनेट नाही’वर हा रामबाण आहे.

---

फायबरवाला

रामबाण नाही. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी डायरेक्टरी. केबलवाल्याची डायरेक्टरी बंद पडली असेल तर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ने काम होतं, पण तेव्हा घरातल्या मोबाइललाही वायफायवर काही उघडत नाही. इथे मोबाइल चालतोय.

आणि टीव्हीत हाताने आयपी भरण्यात धोका आहे. समजा १९२.१६८.१.१० भरला. राउटरला ते ठाऊक नसतं, तो तोच आकडा उद्या पाहुण्याच्या मोबाइलला देऊन बसतो. मग दोघंही आलटून पालटून तुटतात आणि कारण काही केल्या सापडत नाही. पत्ता कायमचा हवा असेल तर राउटरच्या डीएचसीपीत टीव्हीचा मॅक क्रमांक लिहून राखून ठेवा. टीव्हीला वायफायचा मॅक वेगळा आणि लॅन पोर्टचा वेगळा असतो, तो बघून घ्या.

---

तांब्याची_तार

सगळं वाचलं. चॅनेल, रुंदी, उणे सदुसष्ट. अहो, टीव्ही काही मोबाइल नाही, तो जागचा हलत नाही. न हलणाऱ्या वस्तूला तार द्यावी.

‘भिंतीवरून केबल नको’ म्हणता, तर हॉलमध्ये जुन्या केबल टीव्हीची काळी किंवा पांढरी जाड तार भिंतीतून टीव्हीपर्यंत येत असेलच. ती कुठून येते शोधा. बऱ्याच घरांत ती भिंतीतल्या पाइपातून गच्चीवर किंवा बेडरूमच्या बॉक्सपर्यंत जाते. ती तार आता वापरात नसेल तर तिच्याच टोकाला कॅट ६ ची (नेटवर्कची, आत आठ तारा असलेली) केबल बांधा आणि दुसरीकडून ओढा. जुनी बाहेर, नवी आत, फोडाफोड नाही. सांधा टोपीसारखा निमुळता करून चिकटपट्टीने गुंडाळा, नाहीतर वळणावर अडकतो. अडकलाच तर जोर लावू नका, मागे घ्या, थोडी टाल्कम पावडर लावा, परत ओढा. विजेच्या वायरिंगच्या पाइपातून मात्र ही केबल घालायची नाही.

केबल घेताना ‘शुद्ध तांबं’ असं छापलेली घ्या. स्वस्तातल्या केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने एक तार खरवडा: आत पांढरं दिसलं की परत करा. ती वळणावर तुटते आणि कनेक्टरच्या दातांखाली नीट पकडली जात नाही. १०० मीटरपर्यंत केबल बिनघोर चालते, तुमचं काम २०-२५ मीटरमध्ये व्हावं.

टोकाचा प्लॅस्टिकचा कनेक्टर केबल ओढून झाल्यावर दाबून बसवायचा. पाइपातून तो जात नाही. बाहेरचं साल इंचभर काढा, आठही तारा सुट्या करून बोटांमध्ये ओढून सरळ करा. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या पोटात निळी जोडी येते, लोक चुकतात ते इथेच. आता सगळ्या तारा एका रेषेत, साधारण अर्धा इंच ठेवून एका फटक्यात कापा. कनेक्टरची क्लिप खाली, पितळी दात वर, तारा आत जायचं तोंड तुमच्याकडे. मग डावीकडून पहिली पांढरी-नारिंगी. आत ढकलल्यावर समोरून आठही टोकं भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत आणि बाहेरचं साल कनेक्टरच्या खाचेत आत आलं पाहिजे. साल बाहेर राहिलं तर दोन महिन्यांनी झाडू लागून तार निघते. दुसऱ्या टोकाला हाच क्रम.

आता ‘लॅनने वेग कमी दिसतो’ अशी तक्रार येईलच, म्हणून आधीच सांगतो. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, मोजला तर ९४-९५ दिसतात. प्लॅन मोठा असेल तर ५ गिगाहर्ट्झवर कधी २०० दिसतील. पण नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस सांगतं, यूट्यूब २०. फुल एचडीला ५ पुरतात. ९४ एमबीपीएसमध्ये तुमचं लग्नाचं रेकॉर्डिंगसुद्धा चालेल. तारेवर रात्रीचे ९ आणि दुपारचे २ सारखेच असतात.

---

जुना_डबा

मध्येच विचारतो. २०१२ चा ‘स्मार्ट’ टीव्ही आहे. वायफायला जोडतो, आयपी ठीक, तारीखही बरोबर. तरी निम्मी ॲप्स उघडत नाहीत.

---

फायबरवाला

तुमच्याकडे सर्व्हरचं प्रमाणपत्र नवीन आहे आणि ते ओळखायची यादी जुनी. प्रमाणपत्र देणाऱ्या मूळ संस्थांची यादी टीव्हीत पहिल्यापासून भरलेली असते आणि अपडेट थांबले की ती शिळी होते. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक फार वापरातलं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि जगभरातली कित्येक जुनी यंत्रं एका रात्रीत अर्धवट मुकी झाली. शिवाय ॲपवाले स्वतःही जुनी मॉडेलं सोडून देतात. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९ पासून २०१०-११ चे काही टीव्ही असेच बंद केले.

यावर वायफायच्या बाजूने उपाय नाही. पडदा चांगला असेल तर एचडीएमआयला स्टिक लावा. तिला वीज सोबतच्या ॲडॉप्टरमधून द्या. जुन्या टीव्हीचा यूएसबी पोर्ट अर्धा अँपिअर देतो, स्टिकला त्याहून जास्त लागतो, मग ती मध्येच बंद-चालू होते आणि दोष वायफायला लागतो. खोक्यात एचडीएमआयची वीतभर वायर आली असेल तर तीही लावा. तिच्यामुळे स्टिक टीव्हीच्या पाठीमागून थोडी बाहेर येते आणि तिला सिग्नल मिळतो.

---

कृष्णाकाठ

करून बघितलं. आकडे देतो.

अडचण आली तेव्हा आयपी १९२.१६८.१.१४, म्हणजे ठीक. तारीख १ जानेवारी, साल चार वर्षं मागचं! हाताने भरली आणि लगेच सगळी ॲप्स सुरू.

मोबाइलचा ५ गिगाहर्ट्झ हॉटस्पॉट टीव्हीला दिसला. ओएनटीत चॅनेल ‘ऑटो’ होता, प्रत्यक्षात ६० वर बसला होता. केबलवाल्याने ४४ केला, पाच मिनिटांत ‘घर_५जी’ टीव्हीच्या यादीत आलं. टीव्हीच्या मागे आकडा −७१. ओएनटी कपाटाच्या रेषेतून काढून दाराच्या दुसऱ्या बाजूला घेतला, आता −६३. दोन रात्री झाल्या, अडकलं नाही.

एक शिल्लक आहे. वेळ ‘ऑटो’वर परत टाकली. आम्ही रोज रात्री टीव्ही आणि ओएनटी दोन्ही बोर्डावरून बंद करतो. सकाळी परत तेच जुनं साल. रोज तारीख भरायची का? आणि बेडरूमच्या बॉक्सपर्यंत जुनी केबलची तार खरंच आहे, पण बाहेरचं टोक गच्चीवर जातं.

---

चॅनेल_४४

−६३ म्हणजे छान. आता त्या चॅनेलला परत ‘ऑटो’ लावू देऊ नका. ओएनटी रीसेट झाला किंवा बदलला की पहिलं हेच तपासा.

---

फायबरवाला

सकाळचा प्रश्न बोर्डावरच्या बटणाचा आहे. दोन्ही एकदम चालू करता, टीव्ही आधी जागा होतो. साधा क्रम: आधी ओएनटी चालू करा, त्यावरचा पॉन (फायबरची जोडणी दाखवणारा) दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होऊ द्या, दिव्यांत इंटरनेटचा वेगळा दिवा असेल तर तोही हिरवा होऊ द्या, मग टीव्ही. एवढ्याने पुष्कळदा भागतं.

त्याहून बरं म्हणजे टीव्ही रिमोटने बंद करून बोर्डावर चालू ठेवा, म्हणजे घड्याळ शाबूत राहतं. वीज किती जाते याची काळजी असेल तर हिशोब करा: स्टँडबायला अर्धा वॅट धरला तर महिन्याला ०.३६ युनिट. झटपट सुरू होण्याची सोय चालू असेल तर खप यापेक्षा बराच जास्त असतो, ती सेटिंगमधून बंद ठेवा. वळवाच्या दिवसांत, कडकडाट सुरू झाला की मात्र प्लग काढायचाच. फायबरची काच वीज आणत नाही, पण ॲडॉप्टर आणतो, आणि गच्चीवरून येणारी तांब्याची केबल तर नक्कीच आणते.

दिवसा लाइट जाते त्यासाठी ओएनटीला मिनी यूपीएस लावा. टीव्ही परत चालू होईल तेव्हा इंटरनेट तयार असेल आणि वेळ पहिल्याच मागणीला मिळेल. घेण्याआधी ओएनटीच्या ॲडॉप्टरवरचे आकडे वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट, १ किंवा १.५ अँपिअर असतं. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. गोल पिन साधारण ५.५ मिलिमीटरची, मधला भाग धन. ते चित्र स्टिकरवर असतं, दोन्हीकडे सारखं आहे ना बघा. आत २००० एमएएचचे दोन सेल असतील तर साधारण १५ वॅट-तास होतात. ओएनटी ७-८ वॅट खातो, म्हणजे नुकसान धरून दीड तास.

एवढं करूनही, ओएनटी आधीपासून चालू असताना टीव्ही वेळ घेत नसेल, तर दोन शक्यता. एक, टीव्हीच्या तारखेच्या सेटिंगमध्ये वेळ ‘ब्रॉडकास्ट’वरून घ्या असा पर्याय निवडलेला आहे. सेटटॉप बॉक्स एचडीएमआयने लावला की टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरला काही मिळतच नाही, म्हणून ‘नेटवर्क’ निवडा. दोन, केबलवाल्याच्या बाजूला वेळेची वाट, म्हणजे यूडीपी १२३, अडवलेली आहे. त्याला एवढंच सांगा: ‘एनटीपी १२३ चालू आहे का बघा.’ ओळखायला सोपं: मोबाइल डेटाच्या हॉटस्पॉटवर टीव्हीला वेळ मिळते आणि घरच्या वायफायवर मिळत नाही.

---

तांब्याची_तार

गच्चीवर जाणारं टोक असू द्या. मधल्या बॉक्समधून हॉलकडे जाणारा तुकडा वेगळा ओढता येतो का ते बघा. बॉक्सचं झाकण उघडा, आत स्प्लिटर (एका तारेच्या दोन-तीन वाटा करणारा तुकडा) असेल. त्याच्या पेचातून हॉलची तार सोडवा आणि हॉलमध्ये कुणालातरी ती हलकेच मागे-पुढे करायला सांगा. बॉक्समधली तार हलली तर पाइप मोकळा आहे. नाही हलली तर बांधकामाच्या वेळी सिमेंट आत गेलंय, मग नाद सोडा. वायफाय −६३ आहेच.

---

कृष्णाकाठ

ओएनटी आता रात्री बंद करत नाही, टीव्ही रिमोटनेच बंद. आज सकाळी तारीख बरोबर होती. सेटिंगमध्ये खरंच ‘ब्रॉडकास्ट’ निवडलेलं निघालं, ‘नेटवर्क’ केलं. ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर आहे, मिनी यूपीएस त्याच हिशोबाने बघतो.

बॉक्समधली तार हलली. कॅट ६ किती मीटर घेऊ? पाइपाची लांबी अंदाजे ९ मीटर.

---

तांब्याची_तार

१५ घ्या. दोन्हीकडे मीटर-मीटर मोकळी सोडा, कनेक्टर पहिल्या प्रयत्नात कुणाचाच बसत नाही. आणि जुनी तार ओढून बाहेर काढताना तिच्यासोबत नायलॉनची एक दोरीही आत जाऊ द्या, ती पाइपातच ठेवा, पुढे कधी केबल ओढावी लागली तर उपयोगी पडेल.